ह्या बोल्टला रंग लावू नये

२ फेब्रुवारी, सकाळी ६.१०

आजपासून रोजनिशी. मोठं काम हाती घेतलं की त्याची नोंद आपणच ठेवावी. लोकांवर सोडलं की ते वाकडी ठेवतात. लाल पेनने लिहितोय. निवृत्तीच्या दिवशी शाळेने दिलेलं. एकतीस वर्षं लालच चाललं हातात, दुसऱ्या रंगाने विचार सुचत नाहीत.

आज ट्रक बघायला जायचं. ट्रेलर ओढणारा, अठरा वर्षं जुना, मागे चाळीस फुटी ट्रेलर. धाकट्यासाठी. धाकटा म्हणजे माझा सख्खा भाऊ, खालच्या मजल्यावर राहतो. बावीस वर्षं दुसऱ्याचा ट्रेलर चालवतोय. मीच म्हटलं, दुसऱ्याचं स्टिअरिंग धरून म्हातारा होणार का? काँक्रीटच्या पाइपांच्या कारखान्यात तीन वर्षांचं काम मिळतंय, फक्त गाडी स्वतःची हवी. धाकटा म्हणाला की जुन्या गाडीत इंजिन एकवेळ बरं असतं, पण इलेक्ट्रिकची लफडी जीव खातात. मी म्हटलं, इलेक्ट्रिकचं माझ्यावर सोड. ‘विद्युत’ हे प्रकरण मी आठवी ते दहावी पुस्तक न उघडता शिकवलेलं आहे.

तो गप्प बसला. म्हणजे पटलं.

संध्याकाळी ७

ट्रक घेतला. विकणारा स्वतःच मालक, स्वतःच ड्रायव्हर. मिशा एवढ्या की बोलताना तोंड उघडलं की नाही कळत नाही. डोळ्यांत मोतीबिंदू उतरलाय म्हणून विकतोय. मी त्याला मिशीवाला म्हणतो, मनातल्या मनात.

तपासणी कडक केली. हॉर्न, हेडलाइट, वायपर, सगळं चालू. टॉर्च घेऊन डॅशबोर्डखाली डोकावलो. मांजराने खेळून टाकलेली लोकर बरी. रंगाचा रंगाशी मेळ नाही, जोडावर जोड, चिकटपट्टीवर चिकटपट्टी. मिशीवाला म्हणाला, मास्तर, आधीच सांगतो, ह्या गाडीचं वायरिंग माझ्या हातचं आहे, पुस्तकातलं नाही, समजून घ्यायला वेळ लागेल. धाकट्याचा चेहरा पडला. मी मात्र ओळखलं. विकणारा स्वतःहून दोष सांगतो याचा अर्थ त्याचा जीव गाडीत अडकलाय, त्याला द्यायची नाही, म्हणजेच गाडी उत्तम आहे. ताबडतोब हो म्हणून टाकलं.

निघताना त्याने एक शंभर पानी वही हातात दिली. अठरा वर्षांत कुठली वायर कुठे नेली ते सगळं तिच्यात आहे म्हणे. दोन्ही हातांनी दिली, जशी पोथी. मी एका हाताने घेतली.

३ फेब्रुवारी, दुपारी

वही तपासली. अक्षर म्हणजे कुत्र्याचे पाय मांजराला. पानोपानी तेलाचे अंगठे.

पान पहिलं, खाली तीन रेघा: केबिनच्या मागे बॅटरीच्या पेटीपाशी चॅसीवर, म्हणजे खालच्या लोखंडी सांगाड्यावर, जाड बोल्ट आहे. तीन पट्ट्या तिथे एकत्र येतात. ह्या बोल्टला रंग लावू नये. महिन्यातून एकदा घासून चकचकीत करणे.

कारण दिलेलं नाही. विज्ञानात कारण देतात. कारण न देता जे पाळतात त्याला अंधश्रद्धा म्हणतात. समासात तसं लिहिलं.

पान चौथं: काळी वायर ब्रेकच्या दिव्याची, त्या दिवशी काळीच मिळाली. लाल वायर चॅसीला. आता बोला! लाल ही नेहमी धन बाजूची. आठवीतलं पोर सांगेल. खोडून दुरुस्त केलं.

पान नववं: पिवळी कुठे जाते माहीत नाही. तोडू नये. इथे तर मी मोठ्याने हसलो. माहीत नाही, पण तोडू नये!

दहापैकी तीन गुण. तेही वही नियमित ठेवली म्हणून.

ही म्हणाली (ही म्हणजे आमच्या घरातली विरोधी बाजू) की गाडी त्या माणसाची, वही त्या माणसाची, आणि अठरा वर्षं गाडी चालली ती ह्याच वहीवर. म्हटलं, तू यात पडू नकोस.

५ फेब्रुवारी

धाकट्याने नोकरी सोडली. त्याच्या शेठने म्हणे सांगितलं की महिनाअखेरपर्यंत तुझी जागा मोकळी ठेवतो, नाही जमलं तर ये परत. काय हा अविश्वास! माझ्यावर, तोही न बघता.

२७ तारखेला कारखान्याच्या गेटवर गाडी दाखवायची. तिथला तपासनीस एकेक दिवा लावून बघतो. एक जरी दिवा नापास झाला तरी काम यादीतल्या पुढच्या माणसाला. धाकट्याने हे दोनदा सांगितलं. भावजयीने तिसऱ्यांदा. मी हसलो. नापास हा शब्द मी लोकांना लावत आलोय.

संकल्प: २० तारखेपर्यंत गाडी तयार. उरलेल्या सात दिवसांत धाकट्याला विद्युत शिकवणे, निदान ओहमच्या नियमापर्यंत.

७ फेब्रुवारी

रंगकाम. माणसाची पहिली परीक्षा कपड्यांवरून होते, ट्रकची रंगावरून. अंगणात गाडी मावत नाही म्हणून समोरच्या मोकळ्या प्लॉटवर उभी आहे. येणारे-जाणारे थांबून बघतात. कौतुकानेच बघत असणार.

चॅसीला निळा रंग. तो सुप्रसिद्ध बोल्टही सापडला. खालचं लोखंड उघडं ठेवलेलं, रंगाचा टिपूस नाही. असं लोखंड गंजेल नाही तर काय होईल? बोल्ट काढला. तिन्ही पट्ट्या (तांब्याच्या, वेणीसारख्या विणलेल्या) काढल्या. खालच्या जागेला दोन हात, वाळल्यावर पट्ट्यांच्या टोकांना एक हात, मग बोल्टला एक हात. घट्ट आवळलं. आता शंभर वर्षं गंज चढणार नाही.

धाकटा वही घेऊन बाजूला उभा होता. दादा, पहिल्याच पानावर लिहिलंय, एवढं म्हणाला. म्हटलं, त्या वहीला तीन गुण आहेत. त्याने वही मिटली आणि मला ब्रश दिला. लहानपणापासून समजूतदार.

८ फेब्रुवारी, सकाळी ९

गाडी सुरू होईना. चावी फिरवली की नुसतं टक. पाचव्या खेपेला झाली. थंडीमुळे.

ही म्हणाली, थंडी कुठेय? पंखा चालू आहे.

९ फेब्रुवारी

किरकोळ निरीक्षणं. डावा इंडिकेटर दिला की हेडलाइटही उघडझाप करतात. ब्रेक दाबला की मागचे दिवे लागायच्या ऐवजी केबिनमधला दिवा मंद पेटतो. धाकटा म्हणाला की घेताना असं नव्हतं. म्हटलं, घेताना आपण इतकं बारकाईने बघितलं नव्हतं. म्हणजे मी बघितलं होतं. पण त्या नजरेने नव्हतं.

१० फेब्रुवारी

धाकट्याने परस्पर वायरमन बोलावला. बघतो तर माझाच जुना विद्यार्थी. नववीत ‘विद्युत’मध्ये पन्नासपैकी चार. आणि आता गाड्यांच्या वायरी जोडून पोट भरतोय, जगाचं धाडस बघा. गळ्यात टेस्ट लॅम्प: दोन वायरी आणि एक बल्ब, बस्स. मीटर नाही, आकृती नाही. मी त्याचं नाव टेस्टलॅम्प ठेवलं.

मला बघताच हातातली बिडी टाकली आणि नमस्कार सर म्हणून ताठ उभा राहिला. ते बाकी छान वाटलं.

गाडीभोवती फिरला, बल्ब इथे लाव तिथे लाव. मग खाली मान घालून म्हणाला की सर, मला वाटतं अर्थिंग मार खातंय, वीज चॅसीतून नीट परत येत नाहीये, बॅटरीपाशी बघू का? म्हटलं, तुला वाटतं? विद्युतमध्ये वाटण्याला स्थान नाही. विद्युतप्रवाहाची व्याख्या सांग. त्याला येईना. पस्तीस वर्षांचा बाप्या, कान लाल झाले. म्हटलं, ज्याला व्याख्या येत नाही त्याने निदान करू नये. तो म्हणाला, बरं सर.

जाताना धाकट्याशी कोपऱ्यात काहीतरी कुजबुजला. बहुधा माझ्या आठवणी सांगत असावा.

१२ फेब्रुवारी

डिजिटल मीटर आणला. प्रश्न सुटला. मागच्या दिव्याच्या सॉकेटमध्ये मोजलं: चोवीस व्होल्ट. दोन बॅटऱ्या बारा-बाराच्या, चोवीस यायलाच हवेत, आले. म्हणजे वीज पोचते. दिवा लागत नाही. म्हणजे दोष बल्बचा. तर्कशुद्ध.

टेस्टलॅम्पला मुद्दाम बोलावून दाखवलं. त्याने स्वतःचा बल्ब त्याच जागी लावला, तो लागला नाही. म्हणाला, मीटर दाखवतं सर, पण बल्बचं ओझं टाकलं की उभं राहत नाही. म्हटलं, तुझाही बल्ब गेलाय. तो म्हणाला, असेल सर.

अकरा बल्ब बदलले.

१३ फेब्रुवारी

नवे अकराही तसेच. बल्बचा दर्जा पूर्वीसारखा राहिला नाही. कशाचाच राहिला नाही.

१४ फेब्रुवारी

मुळावर घाव. सगळं वायरिंग शास्त्रशुद्ध रंगांनी करणे. वही (दुरुस्त आवृत्ती) मांडीवर, डोकं डॅशबोर्डखाली, पाय दरवाज्याबाहेर. आज सात जोड बदलले. काळी चॅसीला, लाल धन बाजूला. ज्याचं त्याला दिलं की जगात भांडणं राहत नाहीत.

पाठ गेली. हिने चहा आणून माझ्या पायांशी ठेवला आणि पायांशीच बोलली. म्हणाली, अति शहाणा त्याचा बैल रिकामा. म्हटलं, बैल नाही, ट्रक आहे.

१६ फेब्रुवारी

पिवळी तोडली. मुद्दाम इंजिन चालू ठेवून, धाकट्यासमोर. काही झालं नाही. इंजिन चालू, दिवे होते तसेच. धाकट्याला म्हटलं, बघ, अठरा वर्षं माणूस एका वायरला घाबरत होता. वहीत पान नऊवर लिहिलं: तोडली. काहीही झालं नाही. सही, तारीख.

१८ फेब्रुवारी

फ्यूज उडतो. बदलला, उडाला. सहा वेळा. फ्यूज ही मुळात भित्र्या लोकांसाठी केलेली सोय. त्याच्या जागी तांब्याची जाड तार घातली आणि वरून चिकटपट्टी, म्हणजे दिसायला नको. धाकट्याला सांगितलं नाही. उगाच काळजी करत बसतो.

दुपारी ३

थोडा धूर. लाल वायर गरम झाली होती. तिचं एक टोक सोडवून ठेवलं. वास अजून आहे, पण तो नव्या रंगाचा. तार आहे तिथेच राहू दे, मजबूत आहे.

२० फेब्रुवारी

आज तयार व्हायची होती. झाली असती, पण बॅटरी उतरली. पूर्ण. चावी फिरवली तर टक सुद्धा नाही. मिशीवाल्याने मेलेल्या बॅटऱ्या गळ्यात मारल्या. भोळा चेहरा, मोठ्या मिशा, ही माणसं अशीच. एक बॅटरी नवी आणली. दोन कशाला, एकीच्या संगतीने दुसरी सुधारेल. वर्गात हुशार मुलाशेजारी ढ मुलगा बसवतात तसं.

सुधारित संकल्प: २४.

२१ फेब्रुवारी

नवीही उतरली. संगतीचा परिणाम.

टेस्टलॅम्प न बोलावता आला. म्हणाला, गाडी चालू असताना बॅटरी भरत नाहीये सर, चार्जिंगची एखादी बारीक वायर तुटलीय का? म्हटलं, एकही वायर तुटलेली नाही. खरंच आहे. तुटलेली नाही, तोडलेली आहे. त्यात फरक असतो.

धाकटा आता रोज संध्याकाळी दोन्ही बॅटऱ्या काढून घरात चार्जरला लावतो आणि सकाळी परत बसवतो. तेवढीच हालचाल. बसून बसून वजन वाढलं होतं त्याचं.

२३ फेब्रुवारी

धाकट्याचं बोट भाजलं. गाडी सुरू करताना ॲक्सिलरेटरची केबल तापते म्हणाला. केबल! जिच्यात वीज नसतेच. नुसती ओढायची दोरी. टेस्टलॅम्पला विचारलं तर तो म्हणाला की वीज तर परत जाणारच ना सर, तिचा रस्ता अडवला तर ती मिळेल त्या वाटेने जाते. हे कुठल्या पुस्तकात आहे विचारलं. म्हणाला, पुस्तक माहीत नाही सर, गाडीत आहे.

उत्तर देणार होतो. पण वेळ नव्हता, डॅशबोर्डखाली काम पडलं होतं.

भावजयीने धाकट्याच्या बोटाला मलम लावलं. माझ्याकडे बघितलं नाही. मोठ्या दिरासमोर मान खाली घालण्याची रीत तिने आजच का आठवली कोण जाणे.

२५ फेब्रुवारी

सुधारित संकल्प पण गेला. चूक माझी नाही. एकीकडे वहीतला अडाणीपणा, दुसरीकडे मदतनीस असे. धाकटा अर्धा दिवस नुसता ट्रेलरच्या चाकाला टेकून बसलेला असतो. मी म्हटलं, नाचता येईना अंगण वाकडं असं करू नकोस, पाना दे. त्याने पाना दिला. त्याच्या हातात वही होती. मी दिसताच बंद केली.

ही जेवताना म्हणाली की तो तुम्हांला उलटून बोलत नाही, वायरमनही बोलत नाही, म्हणून तुम्हांला वाटतं तुमचं बरोबर आहे. एक दादा म्हणतो, एक सर म्हणतो. मी दोन्ही म्हणत नाही म्हणून सांगते, त्या वहीवाल्या म्हाताऱ्याला फोन करा.

म्हटलं, मी? त्याला?

२६ फेब्रुवारी, संध्याकाळी

तयार. बहुतेक. इंजिन जोरात ठेवलं, हीटर बंद केला आणि इंडिकेटर व ब्रेक एकाच वेळी दिले नाहीत तर सगळे दिवे लागतात. एक सोडून. तो कुठला ते सारखं बदलतं.

उद्या मी बरोबर जाणार. तपासनीसाला तांत्रिक भाषेत समजावणारा कोणीतरी हवा. इस्त्रीचा शर्ट काढून ठेवला. लाल पेन खिशात.

२७ फेब्रुवारी, संध्याकाळी ६

सविस्तर लिहायची इच्छा नाही. पण नोंद ती नोंद.

गेटवर आमच्या मागे सात ट्रेलर. तपासनीस म्हणजे कृश माणूस, हातात पाटी आणि तिला अडकवलेला कागद. म्हणाला, डावा. धाकट्याने डावा दिला, उजवा लागला, तोही विचार करत करत. म्हणाला, ब्रेक. ब्रेक दाबला तर रिव्हर्सचा भोंगा वाजायला लागला. तपासनीस मागे उभा होता, घाबरून बाजूला उडी मारली. मी पुढे झालो. त्याला समजावलं की जुन्या प्रणालीत प्रतिसादाला थोडा विलंब लागतो, प्रवाहाची दिशा आणि इलेक्ट्रॉनची दिशा परस्परविरुद्ध असते, वगैरे. तो ऐकून घेत होता. मग म्हणाला, काका, इंजिन बंद करून परत चालू करा.

बंद झालं. परत झालं नाही. टक. टक. मग टकही नाही.

चाळीस फूट लांब गाडी गेटच्या बरोबर मध्ये. ना आत, ना बाहेर. मागे सात हॉर्न. एक ड्रायव्हर खाली उतरून विचारून गेला की ही गाडी आहे का भिंत. पाऊण तासाने मागच्याच एका ट्रेलरने आम्हांला साखळीने ओढून बाजूला काढलं. एवढा वेळ धाकटा स्टिअरिंगवर दोन्ही हात ठेवून समोर बघत होता. एकदाही माझ्याकडे बघितलं नाही. मी खाली उभा राहून वाहतुकीला दिशा देत होतो.

तपासनीसाने कागदावर लिहिलं: नापास. त्याच्याकडचं पेन चालत नव्हतं, माझं घेतलं.

एवढं म्हणाला की यादीतला पुढचा माणूस दोन तारखेला सकाळी दहाला येणार आहे. त्याच्याआधी गाडी नीट करून आणली तर बघू. हेही धाकट्याकडे बघून म्हणाला. माझ्याकडे बघून काका म्हणाला होता.

दोष गेटचा. चढावर आहे.

२८ फेब्रुवारी

सकाळी जिन्यात होतो, खालचं दार उघडं होतं. धाकटा फोनवर. शेठशी. म्हणत होता की महिना आजच संपतोय, म्हटलं विचारावं जागा आहे का. मग बराच वेळ नुसतं हं, हं. मग म्हणाला, काही हरकत नाही शेठ, तुम्ही तरी किती दिवस थांबणार, दिली ते बरोबरच केलंत.

फोन ठेवल्यावर भावजयीने विचारलं तर म्हणाला की जागा गेली. पुढे म्हणाला, दादाला सांगू नकोस, त्याला वाईट वाटेल.

मी चार पायऱ्या वर गेलो आणि बसलो. वाईट वाटलं. साधं वाटतं तसं नाही. बावीस वर्षांची जागा.

नंतर विचार केला तर कळलं की शेठ तसा घाईचाच माणूस. तीन तास अजून होते महिना संपायला. म्हणजे चौदा.

दुपारी धाकट्याने आणखी एक फोन केला. ह्या वेळी दार लावून.

१ मार्च

मिशीवाला आला. दोन बस बदलून, काळा चष्मा, हातात कापडी पिशवी. टेस्टलॅम्पही हजर. ठरवून. मी समोरच्या कट्ट्यावर वर्तमानपत्र घेऊन बसलो होतो. वाचतच होतो.

मिशीवाल्याने गाडीला हात लावला, जसं गुरांना लावतात तसा. डोळ्यांनी दिसत नव्हतं, म्हणून बोटांनी चाचपत बोल्टपर्यंत गेला. तिथे थांबला. बोट फिरवलं, नखाने रंग खरवडला. विचारलं, रंगातून वीज जाते का, हे कोणी केलं? धाकटा आणि टेस्टलॅम्प दोघांनी एकाच वेळी जमिनीकडे बघितलं. मी पान उलटलं.

पिशवीतून पॉलिश पेपरचा तुकडा काढला. बस्स. टेस्टलॅम्पने बोल्ट खोलला, म्हाताऱ्याने घासलं, खालून पांढरं लोखंड निघालं, पट्ट्यांची तांबडी टोकं निघाली. बसवलं. चावी. पहिल्या फिरकीला इंजिन. हेडलाइट असे पेटले की भर दुपारी मला डोळे मिटावे लागले.

पंधरा मिनिटं. मी सव्वीस दिवस... पण त्याला अठरा वर्षांचा सराव आहे.

मग संध्याकाळपर्यंत तिघं केबिनमध्ये. पिवळी जोडली, बॅटरी भरायला लागली. वायरी एकेक करून पहिल्या जागी. म्हातारा आठवून सांगायचा, टेस्टलॅम्प जोडायचा, धाकटा लिहायचा. मध्ये एकदा तिघं हसले. कशावर ते वर्तमानपत्रातून नीट ऐकू आलं नाही.

हिने त्यांना चहा नेला. मलाही दिला, शेवटी. म्हणाली, उठा, निदान पाना धरा. म्हटलं, तिथे चौथ्याला जागा नाही.

२ मार्च

सकाळी आठला गेट. मी गेलो नाही. साडेनऊला धाकट्याचा फोन, हिच्या फोनवर. पास. दुपारी पहिला माल भरून गाडी घरावरून जाणार, दहा मिनिटं थांबेल.

थांबली. ट्रेलरवर पाइप, निळा रंग उन्हात चमकत होता. रंग चांगलाच बसलाय, ते कोणी म्हणत नाही. धाकटा खाली उतरून माझ्या पाया पडला. मी आशीर्वाद दिला आणि इस्त्रीचा शर्ट घालून केबिनमध्ये चढलो. पहिली फेरी, मोठा भाऊ बरोबर हवा. तर शेजारच्या सीटवर मिशीवाला. पहिल्या दोन फेऱ्या ते येणार आहेत, धाकटा म्हणाला, गाडीचा आवाज समजावून द्यायला. मिशीवाला उठायला लागला, मास्तर तुम्ही बसा. म्हटलं, नाही नाही, मी नुसतं बघायला चढलोय.

डॅशबोर्डवर वही होती. चाळली. माझे लाल शेरे तसेच, कोणी खोडले नाहीत. शेवटी नवं पान, धाकट्याच्या अक्षरात. अक्षर सुंदर. लहानपणी मीच गिरवून घेतलेलं. वर लिहिलं होतं: दादाने हात लावलेल्या जागा. सगळ्या पहिल्यासारख्या केल्या.

खाली आकडे घालून अकरा. बोल्ट. काळी. लाल. पिवळी. एकही वाकडा शब्द नाही. का, कशाला, काही नाही. शेवटी अडचण आल्यास म्हणून दोन फोन नंबर: म्हाताऱ्यांचा आणि टेस्टलॅम्पचा. माझा नाही. मी काय, वरच्याच मजल्यावर राहतो.

सवयीने पेन काढलं. चूक शोधायला लागलो. दोनदा वाचलं. एक चूक होती. अकरा नव्हे, बारा हवेत. फ्यूजच्या जागी घातलेली तार त्यांना सापडली नव्हती. चिकटपट्टी मी छान लावली होती.

खाली भावजय मुलांना गाडी दाखवत होती. धाकटा दोरखंड ओढून बघत होता. मी बोललो नसतो तर कोणाला कळलं नसतं. म्हणजे कुठेतरी घाटात, धूर निघाल्यावर कळलं असतं.

आकडा घातला. १२. फ्यूजच्या डब्यात डावीकडून तिसऱ्या जागी तार आहे. मी घातली. लिहून वही मिशीवाल्यापुढे धरली. त्यांना वाचता येईना म्हणून धाकट्याला हाक मारली. म्हणजे मला मोठ्याने वाचून दाखवायची वेळ आली नाही, धाकट्याने वाचलं. मनातल्या मनात. मग तार काढली, बोटात धरून बघितली आणि खिशात टाकली. तिथे फ्यूज बसवला.

म्हणाला, बरं झालं सांगितलंस दादा. एवढंच. एकोणपन्नास वर्षांत त्याने मला पहिल्यांदाच शाबासकी दिली आणि मी खाली बघितलं.

मिशीवाल्यांनी पेन मागितलं. माझ्या बाराव्या ओळीपाशी वही डोळ्यांना चिकटवून एक खूण केली. बरोबरची. तिरकी आली, पण बरोबरचीच. मग पेन स्वतःच्या खिशाला लावलं, सवयीने असेल. मी खाली उतरलो, गाडी पहिल्या फिरकीला सुरू झाली. वळणावर डावा इंडिकेटर दिला, आणि डावाच लागला.

पेन परत मागायचं राहिलं. आजची नोंद पेन्सिलने.